दसरा ते पुनव

तामलवाडी,
भाद्रपद वद्य दशमी

प्रिय अक्का,

पत्र हातात पडलं की तू आधी आईच्या काळजीनं घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो. आई बरी आहे. आत्ता ती ओट्यावर बसून शेंगा सोलते आहे आणि मी मधल्या खोलीत दार लोटून लिहितो आहे. तिला सांगितलंय की बँकेचा कागद भरतोय. ती म्हणाली, “भर, पण एवढा वेळ लागतोय म्हंजी बँकच विकत घ्यायला निघालास वाटतं.” म्हणजे तिची जीभ पहिल्यासारखी झाली आहे, हे तुला कळावं.

हे फोनवर बोलता आलं असतं असं तू म्हणशील. नाही आलं. मी विषयाच्या जवळ पोचलो की तुमच्याकडं दूध उतू जातं. परवा तर भर दुपारी उतू गेलं, आणि तुमच्या घरी दूध सकाळी येतं हे मला माहीत आहे. मी रागावलेलो नाही. मीही तो विषय काढता काढता पावसापाण्याचं बोलून फोन ठेवतो. कागदाचं बरं असतं, तो मध्येच ठेवून दिला तरी पुन्हा उघडता येतो. मी दहावीच्या पुढं गेलो नाही, पण खाडाखोड केलेलं पाठवणं मला जमत नाही, म्हणून हे सगळं एकदा लिहून, तपासून, आता दुसऱ्यांदा स्वच्छ लिहितो आहे. सावकाश वाच. एकटी असताना वाच.

आईनं तुझ्या बाळंतपणाची तयारी उन्हाळ्यापासूनच चालवली होती. तुझी बातमी कळल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतली मऊ झालेली लुगडी काढली आणि दुपटी शिवायला घेतली. मला मधल्या खोलीला चुना द्यायला लावला. बाज नव्यानं विणून घेतली. डिंक आला, खारीक आली. बाजेवर वारा यायला नको म्हणून खिडकीला तिनं गोणपाट शिवून लावलं, आणि मग बाळाला उजेड हवा म्हणून तेच गोणपाट मला काढायला लावलं. गेल्या आठवड्यात दाजींचा फोन आला की बाळंतपण सासरी मुरुमलाच करायचं ठरलंय, आईच्या पायाला दगदग नको. आईनं “बरं, बरं” म्हणून फोन माझ्या हातात दिला. मग दुपटी घड्या घालून परत ट्रंकेत ठेवली. झाकण लावता लावता म्हणाली, “बोटं तुटलेल्या आईची तिला किळस वाटत असंल रं. मी काय पायानं न्हाऊ घालणार हाय का लेकराला?” मी हसलो, कारण ती हसली. पण अक्का, त्या दिवसापासून ती पायावर फडकं टाकून बसते. कुणी आलं की आणखी ओढून घेते.

तुझं न येणं पायामुळं नाही हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. आईला माहीत नाही. दसऱ्यानंतर अंगणात जे झालं त्याबद्दल आपण दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. वर्ष होत आलं. तू दसऱ्याच्या दिवशी आलीस, त्याच्या आधीचं तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. म्हणून तिथून सुरुवात करतो.

नवरात्रात आई अनवाणी असते हे काही नवीन नाही. परडी, कवड्यांची माळ, उपास आणि उघडे पाय. मला समजायला लागल्यापासून मी तिचे पाय त्या दिवसांत धुळीनं पांढरे झालेलेच पाहिले आहेत. पण गेल्या वर्षी सोयाबीन नेमकं घटात काढायला आलं. आभाळ रोज भरून यायचं, मजूर मिळत नव्हते. आई म्हणाली, मी येते. मी म्हणालो, चप्पल घाल. ती म्हणाली, “घट उठू दे.” कापलेल्या सोयाबीनचा सड म्हणजे जमिनीतून वर आलेला तिरका खिळा असतो. तो तिच्या डाव्या तळव्यात गेला. तिनं बसून तो उपसून काढला, परडीतला भंडारा जखमेत दाबून भरला, पदराची चिंधी बांधली आणि पुन्हा विळा घेतला. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाली, “मुंगी चावल्यागत झालं.” मला बरं वाटलं. पुढं दवाखान्यात कळलं की तिला साखर आहे, कधीची आहे ते देव जाणे, आणि साखरेनं तिचे तळवे बधिर झाले होते. ज्या न दुखण्यानं आपण निर्धास्त झालो, तेच खरं दुखणं होतं.

दसऱ्याला तू आलीस तेव्हा पाय सुजून घोट्यापर्यंत गेला होता. तू दवाखान्याचा हट्ट धरलास, मला आठवतं. तेव्हा आई काय म्हणाली ते तुला आठवतं का? ती म्हणाली, “आता देवी पलंगावर गेली. नऊ दिस लढून दमलीय, निजू दे तिला. पुनवेला उठंल, मग तिचं दर्शन, मग तुझा दवाखाना.” हे वाक्य लक्षात ठेव. मी ते विसरलो होतो, तूही विसरलीस, आणि आईच्या मेळ्यातले, देवीची गाणी म्हणणारे सगळे आराधीसुद्धा विसरले.

पुनवेआधी रस्ता माणसांनी भरला. सोलापूरकडून पायी येणारी माणसं आपल्या वेशीवरून तुळजापूरकडं चालली होती. त्यांच्यापुढं गाणी म्हणायला मेळ्यातल्या बाया आपल्या अंगणात जमल्या. आई सकाळपासून गप्प होती. ती जोत्याला टेकून बसली होती आणि बघता बघता तिचं अंग थरथरायला लागलं. आधी हात, मग खांदे, मग दात वाजायला लागले. सिद्धम्मानं हातातली झांज टाकली आणि “आई आली, उदो उदो” म्हणून ओरडली. सिद्धम्मा म्हणजे आईची जन्माची जोडीदारीण, भिंतीला भिंत लागून घर, तिचा शब्द कोण मोडणार? कुणी कुंकू आणलं, कुणी पायावर पाणी घातलं. आईच्या अंगात याआधी आलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. मग तुला पुढं ढकललं. “इचार पोरी, वटीचं इचार, आई दारात आलीय.” लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तू पदर पसरलास. तुझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका बारीक झाला होता. आईनं डोळे मोठे करून तुझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “हर्षे, निघ. निघ हितनं. परत आत गेलीस तर जळशील.”

मी हे शब्द आज पहिल्यांदा लिहिले.

सिद्धम्मानं लगेच अर्थ लावला. आईचा कोप आहे, या पोरीनं आता माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही. तू उलट्या पावलांनी मागं सरकत गेलीस आणि अंगणाच्या बाहेर, बाभळीखाली जाऊन उभी राहिलीस.

मीही पाया पडायला वाकलो होतो. सगळे पडत होते. कपाळ तिच्या पायावर ठेवलं तेव्हा मला चिंधीतून वास आला. सडलेल्या भुशाचा येतो तसा. आणि पाय गार होते, विहिरीतून काढलेल्या घागरीसारखे. मान वर करून बघितलं तर नखं निळसर, पोटऱ्यांवर जांभळट जाळी, आणि श्वास असा की डोंगर पळत चढून आल्यासारखी धापत होती. कपाळाला हात लावला तर ते भाजत होतं. मी “आई” म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी कोण ते तिला कळलं नाही. तू बाहेरून रडत सांगितलंस की काल संध्याकाळपासून ती लघवीला गेलेली नाही. मी म्हणालो, ही देवी नाही, हा ताप आहे. सिद्धम्मानं माझा हात झटकला. “देवीच्या कपाळाला हात लावून ताप बघतोस व्हय रं, मेल्या?” मला फार भीती वाटली. देवीची वाटली, बायांचीही वाटली. पण त्या पायांच्या गारव्याची जास्त वाटली. मी एकशेआठला फोन लावला.

ते जाणं मी विसरू शकत नाही. सगळा रस्ता तुळजापूरकडं चालला होता आणि आमची गाडी एकटी उलटी, सोलापूरकडं. माणसं बाजूला होत होती. काचेतून आईचं कुंकवानं भरलेलं कपाळ दिसायचं आणि लोक चालता चालता हात जोडायचे. त्यांना वाटलं असेल, कुणी देवीची बाई आहे. मी तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत होतो आणि मनात म्हणत होतो की आपण देवीकडं पाठ करून पळतो आहोत.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. तिनं पाय बघितला, रक्तदाब बघितला आणि मला काही विचारायच्या आधी दोन्ही हातांना सुया लावल्या. तपासायला रक्त काढून घेतलं आणि त्याचा रिपोर्ट यायची वाट न बघता जंतू मारणारं औषध शिरेतून सोडलं. एकीकडून सलाइन, नाकाला प्राणवायू. मग मला बाहेर बोलावून सांगितलं की याला सेप्सिस म्हणतात. मी तिला तो शब्द दोनदा विचारला, नीट लिहिता यावा म्हणून. मला समजलं ते असं. जखमेतून जंतू आत गेले. त्यांना मारायला शरीर उठलं, ते बरोबरच आहे, ते रोजच करतं. पण कधी कधी ते भडकतं. रानात डुक्कर शिरलं म्हणून राखणदारांनी काठ्या घेऊन धावावं आणि डुकरामागं पळता पळता उभं पीकच तुडवून टाकावं, तसं. मग मूत्रपिंड थांबतं, श्वास चढतो, रक्तदाब पडतो, हातपाय गार होतात. आणि मेंदूला नीट रक्त पोचत नाही म्हणून माणूस भ्रमतं. समोरच्याला ओळखत नाही, नसलेलं त्याला दिसतं, आणि ते जे दिसतं त्याच्याशी बोलतं. मी विचारलं, पुनवेपर्यंत थांबलो असतो तर? ती म्हणाली, “पौर्णिमा त्यांनी बघितली नसती. ह्याच्यात तासाला किंमत असते, दिवसाला नाही.” मग पाय उघडून पू काढला. तीन बोटं काळी पडली होती, ती काढावी लागली. रक्तदाब टिकवायचं औषध मशीनमधून थेंबथेंब चालू होतं. लघवीची पिशवी भरायला लागली तेव्हा ती डॉक्टरीण हसली. कुणाची लघवी बघून कुणी हसतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तू आलीस तेव्हा काचेबाहेर उभी राहिलीस. आत ये म्हणालो तर मान हलवलीस. आईला नेसवायला आणलेलं पातळ माझ्याकडं दिलंस आणि दाजींबरोबर गेलीस. त्या वेळी तुला हे सगळं सांगायला हवं होतं का, असा विचार मी पुष्कळदा केला. पण तू ऐकण्याच्या जागी नव्हतीस आणि मीही सांगण्याच्या जागी नव्हतो. आई शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, “हर्षी निघाली का?” मला वाटलं तुझ्या मुरुमला जाण्याबद्दल विचारते आहे. मी म्हणालो, निघाली, अक्का निघाली. तिनं डोळे मिटले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती शांत झोपली.

घरी आल्यावरचं तुला थोडंच माहीत आहे. जखम भरली म्हणजे झालं असं मला वाटत होतं, तसं नव्हतं. तिचे केस पुंजक्यानं गळाले. चार पावलं चालली की बसायची. झोपेत दचकायची. सगळ्यात वाईट म्हणजे ती गाणी विसरली. एवढी आराधीण बाई, देवीची कवनं तोंडपाठ, ती दोन ओळी म्हणायची आणि तिसरीला थांबून भिंतीकडं बघत राहायची. डॉक्टरीण म्हणाली होती की असं महिनोन् महिने राहतं, धीर धरा. धीर धरायला दुसरं माणूस लागतं, अक्का. मेळा आमच्याकडं यायचा बंद झाला. मंगळवारी संध्याकाळी अंगण झाडून मी सतरंजी घालायचो आणि आम्ही दोघंच तिच्यावर बसायचो. मग सतरंजी घालणंही सोडलं. वेशीवर माझं नाव पडलं, ‘देवीला सलाइन लावणारा’. पिठाच्या गिरणीत एक जण म्हणाला, “शंभू, देवीला कुठल्या बाटलीचा गुण आला रं?” सगळे हसले, मीही हसलो आणि पीठ घेऊन लांबच्या रस्त्यानं घरी आलो. मी भाकरी शिकलो. पहिल्या भाकरी आईनं गाईला घातल्या, गाईनं वास घेऊन मान फिरवली. हे सांगायला कुणीतरी हवं होतं. तुला फोन लावला, तर दूध उतू गेलं.

मग उन्हाळ्यात तुझी बातमी आली. मला इतका आनंद झाला की मी ट्रॅक्टर भरायचा सोडून घरी पळत आलो. आणि संध्याकाळपर्यंत मला कळून चुकलं की आता तू मुळीच येणार नाहीस. तू मनाशी काय जोडलं असशील ते मला समजतं. चार वर्षं काही नव्हतं. देवीनं सांगितलं निघ, तू निघालीस, उंबरा शिवला नाहीस, आणि ओटी भरली. आता परत गेलं आणि काही झालं तर? मी तुझ्या जागी असतो तर मीही हेच जोडलं असतं. म्हणून तुला वेडी म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही.

आषाढात एक गोष्ट झाली. दुपारी भिंतीपलीकडून सिद्धम्माची हाक आली, “शंभ्या, हिकडं ये रं जरा.” त्या पुनवेनंतरची पहिली हाक. गेलो तर ती गोधडीत कुडकुडत होती. म्हणाली, “हात लावून बघ, देवी हाय का ताप हाय. तुला लई कळतंय न्हवं?” अंग भाजत होतं. लघवीला जळजळ होत होती आणि लाजेनं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. गोळ्यांवर भागलं, कारण वेळेत गेलो. बरं वाटायला लागलं की तिनं गोळ्या बंद केल्या, तेव्हा मी तिला इतका बोललो की ती म्हणाली, “तुझ्या आईच्या पोटी मास्तर आला का काय!” पण गोळ्या पुऱ्या केल्या. त्यानंतरच्या मंगळवारी ती झांज घेऊन आमच्या अंगणात आली आणि आपणहून बसली. जाताना मला हळूच म्हणाली, “पोर येत न्हाय का रं घराकडं?” तिनं पदर तोंडावर घेतला आणि गेली.

आता परवाचं सांगतो. अष्टमीला देवी निजायला गेली, घटस्थापनेपर्यंतची नीज. आई आणि मी ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो. ती हात जोडून म्हणाली, “निज बाई, आता नऊ दिस परत लढायचंय तुला.” मी सहज विचारल्यासारखं विचारलं की देवी निजलेली असताना अंगात येते का. ती माझ्याकडं असं बघायला लागली, जणू मी विचारलं की सूर्य रात्री उगवतो का. “निजलेल्या माणसाला कुणी हाक मारत न्हाय, देवीला मारंल का? आता न्हाय आणि दसरा ते पुनव न्हाय. माझ्या अंगात त्या दिसांत कधी म्हंजी कधी आलेलं न्हाय. आणि आली तर अंग गरम होतं रं, पोटातनं ऊब येती. थंडी कशाला वाजंल? आई हाय ती.”

अक्का, आपण सगळे तिथं होतो. सिद्धम्मा होती, मेळा होता. रस्त्यावरून माणसं चालली होती ती देवी उठायच्या वेळेला पोचायला. आणि आपल्यापैकी एकालाही आठवलं नाही की देवी पलंगावर निजलेली आहे.

आईच पुढं बोलत राहिली. तुझ्याबद्दलच. “लहानपणापास्नं जीव टांगणीला लावती ही पोरगी. तुला काय आठवणार, तू काखेत व्हतास.” मग तिनं गोठा जळाल्याचं सांगितलं. तुझ्या कोपरावरचा डाग तेव्हाचा, एवढं मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं. भर उन्हाळ्यात रानातला गोठा पेटला. गुरं सोडली, तू बाहेर होतीस, आणि कालवड आत राहिली म्हणून तू परत आत पळालीस. आईच्या काखेत मी, दारात ज्वाळा. ती तिथून ओरडत राहिली. काय ओरडली ते तिनं मला ओट्यावर बसून, अगदी त्याच आवाजात म्हणून दाखवलं. “हर्षे, निघ! निघ हितनं! परत आत गेलीस तर जळशील!” माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ती म्हणाली, “दवाखान्यात मला सारखा त्योच गोठा दिसायचा. ती आत, आणि माझं पाय उचलत न्हाईत. तू म्हणालास निघाली, तवा जीव खाली बसला.”

हे सांगायला पत्र लिहिलं. तू पदर पसरून विचारलंस ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिला तू पाच वर्षांची दिसत होतीस आणि ती तुला आगीतून बाहेर काढत होती. अंगणात ती काय बोलली ते तिला आजही माहीत नाही. मी सांगणार नाही, सिद्धम्माही सांगणार नाही, काल तिच्याकडून देवीची शपथ घेतली आहे. सगळं मी सिद्धम्माला सांगितलं तेव्हा ती रडली आणि म्हणाली, पोरीला सांग, तो अर्थ माझा व्हता, देवीचा न्हाय. आई या वेळी नवरात्र चप्पल घालून करणार आहे. रोज संध्याकाळी मी आरसा धरून तिचे तळवे बघतो, कुठं न दुखणारी जखम नाही ना म्हणून. बाळंतपण कुठंही झालं तरी दवाखान्यातच कर. बाळाला आणि तुला हात लावणाऱ्यानं साबणानं हात धुतलेच पाहिजेत, मग ती आत्या असो नाहीतर सासू. नंतर ताप, थंडी, धाप, बडबड यातलं काही वाटलं तर अंगारा लाव, नको म्हणत नाही, पण गाडीत बसून लाव. एवढं ऐकलंस तर मुरुमला राहिलीस तरी मी काही म्हणणार नाही. पण रविवारी अण्णारावांची जीप घेऊन मी तुमच्या दारात येणार आहे. दाजींना सांगून ठेव. बसलीस तर बसलीस, नाहीतर रिकामी परत आणीन. घटस्थापनेच्या आधी येतो आहे, देवी निजलेली असतानाच, म्हणजे तुझ्या मनात काही राहिलं असेल तर तिला न उठवता हळूच उंबरा ओलांडता येईल. गोठा विझून किती वर्षं झाली, अक्का. आईला तू बाहेर निघालेली अजून दिसलेली नाही. तिनं फक्त माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला आहे. एकदा येऊन तिच्यासमोर उभी राहा.

बाजेवर दुपटी परत अंथरून, खिडकी उघडी ठेवून बसलेला,
तुझाच,
शंभू